वायूचा नळ आणि घराची भिंत

नाशिकच्या जुन्या वस्तींतील स्वयंपाकघरांनीं आजवर चार इंधनें पाहिलीं. लांकडाची चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह आणि वायूचें सिलिंडर. आतां पांचवें दाराशीं आलें आहे. २०१८ सालीं नाशिक व धुळें जिल्ह्यांत नळानें नैसर्गिक वायु पुरविण्याचें काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड या कंपनीकडे आलें, आणि पाण्याप्रमाणें इंधनहि नळानें घरांत येऊं लागलें.

या इंधनाच्या सोयीविषयीं वाद नाहीं. धूर व काजळी टळते, आणि सिलिंडर ऐन वेळीं संपल्याची तारांबळहि उरत नाहीं. परंतु या सोयीबरोबर एक गोष्ट बदलते, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सिलिंडर जमिनीवर स्वतंत्र उभें असतें. भिंतीला तडा गेला तरी त्याला त्याची खबर नसते. नळ मात्र भिंतीला पट्ट्यांनीं जखडलेला असतो, आणि भिंत खचली कीं त्याच्या सांध्यावर ताण पडतो. म्हणून सिलिंडर घेतांना गृहस्थानें शेगडी व रबरी नळी तपासली म्हणजे भागत असे. नळ घेतांना त्यानें घरहि तपासलें पाहिजे.

नैसर्गिक वायूंत मुख्यतः मिथेन असतो. त्याचें वजन हवेच्या निम्म्याहून थोडेंच अधिक. सिलिंडरमधील वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर फरशीवर पसरतो. मिथेन छताकडे चढतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें म्हणजे एक ठिणगी स्फोटाला पुरते. स्वयंपाकघराचा वरचा झरोका उघडा असेल तर तो निघून जातो. जुन्या वाड्यांत मात्र त्याला दडावयास जागा पुष्कळ. तुळयांखालीं ठोकलेली तक्तपोशी, माळ्याच्या फटी, मातीच्या भिंतींतील पोकळ्या, या ठिकाणीं तो सांचून राहतो आणि खालीं वावरणाऱ्या माणसाला त्याचा सुगावा लागत नाहीं.

मूळ वायूला वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत न्यू लंडन येथील शाळेच्या जमिनीखालच्या पोकळींत असा वायु सांचला आणि कोणालाहि कळला नाहीं. दुपारीं शाळा सुटण्याच्या सुमारास एका ठिणगीनें स्फोट होऊन सुमारें ३०० मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर तेथें वायूंत उग्र वासाचें द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली, आणि आज नाशिकच्या नळांतहि तो वास असतो. तथापि केवळ नाकावर विसंबून चालत नाहीं. जमिनीखालीं गळलेला वायु मातींतून झिरपत येतांना माती त्या द्रव्याचा कांहीं भाग शोषून घेते, आणि पायाच्या भेगांतून घरांत शिरणारा वायु कमी वासाचा असूं शकतो.

नाशिकला हा मुद्दा विशेष लागू पडतो. काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, आणि तिच्यावरील पाया दरवर्षीं थोडा हलतो. गोदाकांठच्या घरांना पुराचीहि भर. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून शहर ज्या पुराचें माप घेतें, तो पूर २०१६ व २०१९ सालीं कांठच्या वस्तींत शिरला होता. पाणी ओसरलें तरी भिजलेला पाया सावकाश खचत राहतो.

नव्या इमारतींत धोका नाहीं, असेंहि समजूं नये. १६ मे १९६८ च्या पहाटें लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतींत १८ व्या मजल्यावर एका बाईनें चहासाठीं काडी ओढली. शेगडीच्या जोडणींतील सदोष पितळी नटामुळें वायु गळला होता. ती बाई स्फोटांतून वांचली. परंतु इमारतीच्या भिंती नुसते काँक्रीटचे तक्ते एकमेकांस जोडून उभ्या केल्या होत्या. त्यांतील एक निसटतांच इमारतीचा सबंध कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला आणि चौघे मेले. इमारत अवघी दोन महिन्यांची होती.

यावरून गृहस्थानें काय करावें? भिंतीवरील भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी तारीख घालून आडवी लावावी. पावसाळा उलटल्यावर ती तडकलेली दिसली, तर भेग वाढत आहे असें समजावें व त्या भिंतीवर नळ बसवूं देऊं नये. नळ भिंतींतून पार जातो तेथें त्याला मोठ्या व्यासाच्या नळींतून न्यावा, म्हणजे भिंतीचा भार त्यावर येत नाहीं. तो गिलाव्यांत पुरूं नये, फडताळांत कोंडूं नये, आणि वरचा झरोका बुजवूं नये. सांध्याची परीक्षा साबणाच्या फेंसानें करावी, काडीनें कदापि नव्हे. वास आल्यास विजेच्या कोणत्याहि बटनाला हात न लावतां मुख्य झडप बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें आणि तेथून दूरध्वनि करावा.

खरी अडचण भाड्याच्या वाड्यांची आहे. मालकानें जागा दुरुस्त ठेवावी, आणि निदान १५ दिवसांची नोटीस देऊनहि त्यानें ती न केल्यास भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा, अशी तरतूद १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांत आहे. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होऊं शकत नाहीं. आणि नाममात्र जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्शांत एक भिंतहि सावरतां येत नाहीं. मालकाला उत्पन्न नाहीं, भाडेकरूला दुसरी जागा नाहीं, आणि भिंत दोघांचीहि वाट पाहत थांबत नाहीं. अशा वाड्यांतील बिऱ्हाडांनीं वर्गणी काढून एकदां बांधकामतज्ज्ञाकडून वाडा तपासून घ्यावा. महानगरपालिकेनें धोकादायक ठरविलेल्या वाड्यांत तर नळाचा विचारच करूं नये. तेथें आधीं माणसांनीं बाहेर पडावें. आणि भिंत दुरुस्त होईपर्यंत इतर घरांनीं हवेशीर जागीं ठेवलेल्या सिलिंडरवरच स्वयंपाक करणें बरें.