वर्गणीचे गणित

पूर्वी सॉफ्टवेअरची सीडी एकदा विकत घेतली की वर्षानुवर्षे वापरता येई. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली आणि डीटीपीवाल्यांना दरमहाचा हिशेब मांडावा लागला.

काही मालाला वर्गणी शोभते. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. कैलास काटकरांनी संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून ‘क्विक हील’ उभे केले. नवे व्हायरस सतत येतात, त्यांवरचा उतारा सतत पाठवावा लागतो. म्हणून अँटिव्हायरसचे नूतनीकरण. दराची मापे सोपी : संगणक किती, वर्षे किती.

विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शाळेला एक दर, दवाखान्याला दुसरा, जुन्या गिऱ्हाइकाला तिसरा असे करत गेले, की कोणाला काय कबूल केले तेच आठवत नाही. योजना मोजक्या असाव्यात आणि सवलतीची मुदत बिलावर लिहावी.

घेणाऱ्यांनी वर्षाचा आकडा काढावा. महिना ९०० रुपये म्हणजे वर्षाला १०,८००. १८ टक्के जीएसटी धरून १२,७४४. कार्डातून वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या निदान २४ तास आधी सूचना येते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. ती सूचना वाचा. वर्गणी बंद करणे मुद्दाम अवघड करण्यालाही केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

आणि पैसे भरण्याआधी विचारा : वर्गणी थांबली, तर माझ्या दुकानाचे हिशेब मला परत मिळतील का? उत्तर लेखी घ्या.