नकाशावरचे कोडे आणि परभणीची भूमी



नकाशाचे तुकडे करून ते पुन्हा जुळविण्याचा खेळ नवा नव्हे. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशे चिकटविले, देशांच्या सीमांवरून ते कापले आणि मुलांच्या भूगोलशिक्षणासाठी विकले. आज फळीची जागा संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या ब्राउझरने घेतली आहे. २०१३ साली स्वीडनच्या अँतोन वॉलेन यांनी तयार केलेल्या ‘जिओगेसर’ या खेळात रस्त्याचे छायाचित्र पाहून ते ठिकाण जगाच्या नकाशावर दाखवावयाचे असते. मात्र जुलै २०२२ मध्ये भारतात गूगलची अशी रस्त्यांची छायाचित्रे खुली झाली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत परभणी नव्हती. या जिल्ह्यातील शाळांसाठी असे कोडे रचावयाचे तर ते नकाशाच्याच आधारे रचणे श्रेयस्कर.

कल्पित पटावरील कोड्याचे उत्तर रचणारा ठरवितो. खऱ्या नकाशावरील कोड्याचे उत्तर भूमी ठरविते. त्यामुळे रचणाऱ्याचे निम्म्याहून अधिक श्रम पडताळणीत जातात, आणि ते तसे जावेत हेच योग्य.

साधने दुर्मिळ नाहीत. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये आरंभिलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवकांनी घडविलेला खुला नकाशा आहे, आणि तो ब्राउझरमध्ये मांडणारी ‘लीफलेट’ ही विनामूल्य प्रणाली २०११ पासून उपलब्ध आहे. नकाशा चौकोनी तुकड्यांनी पडद्यावर येतो. शून्य पातळीवर सारे जग एका तुकड्यात मावते, पुढील प्रत्येक पातळीवर तुकड्यांची संख्या चौपट होते. चौदाव्या पातळीवर परभणीच्या अक्षांशावरील एक तुकडा सुमारे २.३ किलोमीटर भूमी दाखवितो. जोडणी मंद असलेल्या शाळेसाठी हे तुकडे आधीच उतरवून ठेवावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ओपनस्ट्रीटमॅपच्या सेवेवरून ते घाऊक उतरविण्यास मनाई आहे. मूळ माहिती मात्र घेता येते, आणि श्रेयनिर्देश करून तिच्यापासून जिल्ह्यापुरता स्वतंत्र नकाशा तयार करता येतो.

नवशिक्याची एक चूक सांगण्याजोगी आहे. परभणी सुमारे १९.२७ उत्तर अक्षांश व ७६.७७ पूर्व रेखांशावर आहे. माहितीच्या काही प्रकारांत रेखांश प्रथम येतो, तर लीफलेट अक्षांश प्रथम मागते. क्रम उलटला की परभणी थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डनजीकच्या समुद्रात जाऊन बसते!

आता प्रत्यक्ष कोडी. परभणी, गंगाखेड, पाथरी, मानवत, जिंतूर, सेलू, सोनपेठ, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांचे तुकडे जुळविणे हे पहिले कोडे. येथे सीमा कोणत्या सालच्या, हा प्रश्न लगेच उभा राहतो. परतूर १९८१ साली जालना जिल्ह्यात गेले. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. जुना नकाशा घेतला तर वसमतच्या विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर खेळ चूक ठरवील, आणि विद्यार्थी बहुधा खेळावरच विश्वास ठेवील. उलट, सालानुसार सीमा बदलणारे कोडे केले तर तीच अडचण इतिहासाचा पाठ होऊ शकते. तांत्रिक खबरदारी एवढीच की, वळणदार सीमा सोप्या करताना दोन तालुक्यांमधील सामाईक रेषा एकदाच सोपी करावी. प्रत्येक तालुका वेगवेगळा सोपा केल्यास तुकड्यांमध्ये फटी पडतात आणि कोडे जुळतच नाही.

दुसरे कोडे पाण्याच्या वाटेचे, आणि बहुधा सर्वांत उपयुक्त. सेलूजवळ दुधनेच्या काठी पडलेला थेंब गोदावरीस कसा पोहोचेल? दुधना पूर्णेस मिळते, पूर्णा गोदावरीस. जिंतूर तालुक्यात येलदरी धरण पूर्णेवरच आहे. गंगाखेडला तर गोदावरी गावालगतच वाहते. ओढ्यापासून नदीपर्यंत बोटाने रेषा ओढताना पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, हे व्याख्येवाचून कळते. ग्रामपंचायत सदस्यांनाही हे कोडे सोडविण्यास हरकत नसावी.

रेल्वेचे कोडे वरवर सोपे. मनमाडकडून येणारा मार्ग सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा जातो. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीस आणि पूर्णेहून हिंगोलीमार्गे अकोल्यास फाटे फुटतात. परंतु मानवत रोड स्थानक मानवत गावात नाही. स्थानक विचारल्यावर जो गावावर बोट ठेवील तो फसेल. अशा वेळी केवळ ‘चूक’ म्हणण्यापेक्षा उत्तर किती किलोमीटरने हुकले ते दाखवून त्या प्रमाणात गुण द्यावेत. नाव लिहावयाचे असेल तर वसमत आणि बसमत ही दोन्ही रूपे ग्राह्य धरावीत.

शासकीय शाळेत कोडे वापरताना कायद्याची एक बाब टाळता येणार नाही. भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. विसंगत नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमान्वये दंडनीय आहे. खुल्या जागतिक नकाशावरील रेषा तशा असतीलच असे नाही. त्यामुळे नकाशा जिल्ह्याबाहेर सरकणार नाही आणि ठराविक पातळीपेक्षा लहान होणार नाही, अशी मर्यादा घालावी. लीफलेटमध्ये तशी सोय आहे.

राहिला प्रश्न वाड्या, वस्त्या आणि तांड्यांचा. ज्या तांड्याचे नाव नकाशात नाही, तो कोड्यातही येणार नाही आणि तेथील मुलाला आपले घर पडद्यावर सापडणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर असे नाव कोणालाही भरता येते. वर्गशिक्षकाने गावातील ज्येष्ठांना व पंचायत सदस्यांना विचारून शाळा, विहीर, तलाव, मंदिर आणि रस्ता यांची खात्री करावी, स्थळावर जाऊन अक्षांश-रेखांश टिपावेत आणि मगच नोंद करावी. कोडे त्यानंतर रचावे.