दुय्यम नको : जेनी ली यांचा हट्ट

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'तरुण महिला लोकप्रतिनिधी : दृष्टी आणि धोरण'. संयोजकांनी प्रेमाने सुचवलं होतं की आपल्या जिल्ह्यातल्याच एखाद्या ताईंवर बोला. मी म्हटलं, नको रे बाबांनो. चांगलं बोलले तर लोक विचारतील, बाईंना कुठल्या महामंडळावर जायचंय? आणि वाईट बोलले तर पुढच्या वर्षी तुम्हाला हा मांडव मिळायचा नाही. (हशा) म्हणून मी लांबची बाई निवडली. स्कॉटलंडची. आता हयातही नाही, तेव्हा कोणाच्या भावना दुखावायचा प्रश्न नाही.

मला आधी ऐकलेल्यांना ठाऊक आहे की कुठूनही निघाले तरी मी एकाच मुक्कामाला पोचते. तेव्हा आडपडदा नको. मुक्काम असा : सरकारने लोकांना जे द्यायचं ते पहिल्या प्रतीचं द्यावं. 'त्यांना एवढं चालतं' हे वाक्य ज्या कार्यालयात उच्चारलं जातं तिथे धोरण संपतं आणि वाटप सुरू होतं. आज मी यासाठी जेनी ली यांची साक्ष काढणार आहे.

जेनीबाई १९०४ साली फाइफ परगण्यात जन्मल्या. कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील खाणकामगार, आजोबाही संघटनेतले. १९२६ चा संप, खाणमालकांची टाळेबंदी, हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात ठेवा की ही मुलगी शिष्यवृत्तीवर एडिंबरा विद्यापीठात शिकली, कायद्याची पदवी घेतली, आणि परत येऊन खाणकामगारांच्या पोरांना शिकवायला लागली.

मार्च १९२९ मध्ये नॉर्थ लॅनार्कची पोटनिवडणूक आली. जेनीबाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. वय वर्षं २४. आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने बाईला एकविसाव्या वर्षी खासदारकीला उभं राहता येत होतं, पण मत द्यायला तिशी गाठावी लागायची! १९२८ ला ती अट गेली, पण नव्या मतदारयाद्या लागू व्हायच्या होत्या. म्हणजे ही बाई खासदार होऊ शकत होती, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हती. (हशा) हसू नका. आपल्याकडे मत अठराव्या वर्षी आणि आमदारकी पंचविसाव्या. जेनीबाई महाराष्ट्रात असत्या तर छाननीतच अर्ज बाद.

सभागृहात पहिल्या भाषणाचा तिथे एक संकेत आहे. आपल्या मतदारसंघाची डोंगर-नदी वर्णन करायची, आधीच्या खासदाराचे गोडवे गायचे आणि कोणाला न दुखावता खाली बसायचं. जेनीबाईंनी उभं राहून थेट अर्थमंत्र्यांचा अर्थसंकल्प झोडपला. अर्थमंत्री कोण? विन्स्टन चर्चिल. भाषण झाल्यावर चर्चिल स्वतः येऊन त्यांचं अभिनंदन करून गेले. चर्चिलसाहेबांना वाक्य कळायचं, मग ते अंगावर आलेलं का असेना.

इथवर सगळी कौतुकाची कथा आहे, आणि तरुण लोकप्रतिनिधींवरची बहुतेक भाषणं इथेच संपतात. वय कमी, भाषण धारदार, फोटो चांगला. पण १९३१ ला जेनीबाई पडल्या. १९३२ ला त्यांचा छोटा पक्ष, इंडिपेंडंट लेबर पार्टी, मोठ्या मजूर पक्षातून बाहेर पडला आणि त्या तत्त्वासाठी छोट्या पक्षाबरोबर गेल्या. अन्युरिन बेव्हन, ज्यांच्याशी पुढे १९३४ मध्ये त्यांचं लग्न झालं, त्यांनी बजावलं होतं की अशाने तू सोवळ्यात राहशील, पण हातून काही घडणार नाही. घडलंही नाही. १९३५ ला पराभव, १९४३ ला ब्रिस्टलमध्ये पराभव. १९४५ मध्ये कॅनॉकमधून मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून येईपर्यंत १४ वर्षं गेली. तेव्हा हट्ट हा गुण आहे असं मी सरसकट म्हणत नाही, हे टिपून घ्या. पत्रकार मंडळी पुढे बसलीत म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट, जी स्त्रियांच्या व्यासपीठांवर सहसा सांगत नाहीत. जेनीबाईंना 'महिलांची प्रतिनिधी' म्हणवून घेणं फारसं रुचत नसे. मी खाणकामगारांची, समाजवादाची, असा त्यांचा बाणा. आणि मग घर कोण सांभाळत होतं? (मागून आवाज : "सासू!") सासू नव्हे हो, आई! जेनीबाईंची आई लेकीकडे राहायला आली आणि जेनी आणि बेव्हन या दोघांचं जेवणखाण, घरदार तिने ओढलं. एका घरातून दोन खासदार राजकारण करत होते आणि स्वयंपाकघरात एक म्हातारी राबत होती. ब्रिटनची आरोग्यसेवा उभी करणारा माणूस, म्हणजे बेव्हन, जेवून सभेला जायचा, ते ताट तिने वाढलेलं असायचं. आरोग्यसेवेच्या इतिहासात तिचं नाव सापडायचं नाही. याचं मला उत्तर देता येत नाही, आणि जेनीबाईंनाही देता आलं असतं असं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. बेव्हन १९६० मध्ये गेले. १९६४ ला हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले आणि त्यांनी जेनीबाईंना कलाखात्याची जबाबदारी दिली. असं खातं तिथे पहिल्यांदाच आलं होतं. तेव्हा त्या साठीच्या होत्या. म्हणजे पत्रिकेवरचा 'तरुण' हा शब्द इथे गळून पडतो, संयोजकांनी क्षमा करावी. (हशा) कलाखात्याबद्दल तासभर बोलता येईल, बोलत नाही. विल्सन यांच्या डोक्यात एक कल्पना होती, 'हवेवरचं विद्यापीठ'. १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात त्यांनी ती मांडली होती. रेडिओ-दूरचित्रवाणीवरून शिक्षण, टपालाने अभ्यास, आहेत त्या विद्यापीठांनी मिळून चालवायचं. ते काम त्यांनी जेनीबाईंकडे सोपवलं.

सचिव मंडळी थंड. विद्यापीठांचे लोक नाकं मुरडताहेत. वर्तमानपत्रांना थट्टेला विषय. आणि चारी बाजूंनी शहाणपणाचे सल्ले : आधी प्रौढांसाठी शाळेच्या पातळीचे छोटे अभ्यासक्रम काढा. आधी प्रमाणपत्र द्या, पदवीचं पुढे बघू. प्रस्थापित विद्यापीठाच्या पदराखाली ठेवा. बाईंनी सल्लागार समितीचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि हे सगळं बाजूला सारलं. विद्यापीठ असेल तर पूर्ण, स्वतंत्र, स्वतःची पदवी देणारं. प्रवेशाला अट नको, पण पदवीच्या कसाला सवलत नको. दार सताड उघडं आणि उंबरा उंच. श्रोतेहो, माझ्या मते अख्खं सार्वजनिक धोरण या दोन गोष्टींत आहे. आपल्याकडे नेमकं उलटं करतात : दाराशी सतरा दाखले आणि आत गेल्यावर काही नाही!

१९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. दर्जा म्हणजे काय ते हाताला लागावं म्हणून एकच वस्तू सांगते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी टपालाने प्रयोगाची पेटी यायची. त्या पेटीत एक सूक्ष्मदर्शक असायचा. मॅकआर्थर नावाच्या रचनाकाराचा, प्लॅस्टिकचा, तळहातात मावेल एवढा. खेळणं नव्हे, स्वयंपाकघराच्या टेबलावर खरं काम करणारं उपकरण. कोणीतरी बसून विचार केला होता की प्रयोगशाळा घरी नेता येत नाही, तर प्रयोग कसा नेता येईल. 'चित्र बघून घ्या' असं म्हणून भागवता आलं असतं की नाही? आपण भागवलं असतं.

पाणी घेते.

याचा महाराष्ट्राशी संबंध काय, असं कोणी चिठ्ठीत विचारलंय. संबंध थेट आहे. त्या विद्यापीठाकडे बघूनच जगभर मुक्त विद्यापीठं निघाली. आपल्या देशात १९८२ ला हैदराबादेत, १९८५ ला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले सरांनी ते उभं केलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद तुमच्यापैकी अनेकांच्या गुणपत्रिकेवर असेल. मी स्वतः एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक होते. रविवारची संपर्कसत्रं, गृहपाठांचे गठ्ठे, आणि बारावी नसलेल्यांसाठीचा पूर्वतयारी शिक्षणक्रम.

तिथली एक गोष्ट सांगते. अध्यक्ष घड्याळ बघताहेत, पण सांगते. एक अंगणवाडी सेविका बी.ए.ला होती. दर रविवारी घरातून निघायची म्हणून घरात कुरबुर. शेवटी एका रविवारी सासूबाईच बरोबर आल्या, सून कुठे जाते ते बघायला. मागच्या बाकावर बसल्या, पिशवीतून मटार काढला आणि मांडीवर ताट घेऊन सोलायला लागल्या. आमचा विषय होता ग्रामसभा. मी पुस्तकाप्रमाणे सांगत होते : ग्रामसभा ही गावाची सर्वोच्च सभा, तिला गणपूर्ती लागते, वगैरे वगैरे. मागून आवाज आला, "बाई, आमच्याकडं तसं नसतंय." मी म्हटलं, मग कसं असतं? तर म्हणाल्या, "पहिल्या दिवशी दवंडीच नीट देत नाहीत. माणूस जमत न्हाई. मग सभा तहकूब. तहकूब सभेला किती का माणसं असेनात, चालतंय. सगळं त्याच सभेत उरकत्यात." वर्ग गार! तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे कायद्यात आहे, मलाही माहीत होतं. पण त्या तरतुदीचा गावात कसा वापर होतो ते त्या मटार सोलत सांगत होत्या. मग पुढचा अर्धा तास वर्ग त्यांनीच घेतला. सरपंच कोण, खरा कारभारी कोण, बाई सरपंच झाली की तिच्या नावाने सही कोण करतं. माझी सेविका बिचारी तोंडावर पदर घेऊन बसलेली! (हशा)

निघताना सासूबाई म्हणाल्या, "ते पुस्तक मलाबी द्या." सून म्हणाली, आत्या, माझं घ्या ना. तर म्हणाल्या, "तुझं रेघोट्या मारलेलं नको. नवं द्या."

तुम्ही म्हणाल, बाईंनी गोष्ट बरोबर आपल्या मुद्द्यावर आणून ठेवली. आणली! व्याख्यान माझं आहे. (टाळ्या)

आता घंटा झालीय, तेव्हा भरभर. जेनीबाईंच्या प्रयोगावर टीका झाली आणि ती खोटी नव्हती. पहिल्या तुकडीत शिक्षकांचाच मोठा भरणा होता. खाणकामगार, गिरणीकामगार कमी. मध्यमवर्गाने मलई खाल्ली, असं लोक म्हणाले. जेनीबाई म्हणायच्या की मी कामगारांचं वेगळं विद्यापीठ काढलेलंच नाही, सगळ्यांचं काढलंय. मला त्यांची बाजू पटते. फक्त गरिबांसाठी म्हणून वेगळं काढलेलं काय होतं ते बघायला आपल्या गावातल्या सरकारी शाळेपर्यंत चालत जा. पैसेवाल्यांची मुलं तिथून निघाली आणि छप्पर गळायला लागलं. ज्या रांगेत तहसीलदाराची मुलगी उभी असते ती रांग सरकते. कोणी मान हलवतंय तिकडे; हलवा, प्रश्नोत्तरांत भांडू.

आणि १९७० ची गोष्ट सांगितल्याशिवाय बसणार नाही. जूनमध्ये निवडणूक झाली, विल्सन हरले, आणि जेनीबाईही कॅनॉकमध्ये पडल्या. विद्यापीठात अजून एकही विद्यार्थी बसलेला नव्हता! नवे अर्थमंत्री इयन मॅक्लाउड यांना हा सगळा प्रकार मूर्खपणा वाटत होता. ते महिन्याभरात वारले. निर्णय शिक्षणमंत्र्यांकडे आला. शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. हो, त्याच, शाळकरी पोरांचं दूध बंद करणाऱ्या. त्यांनी विद्यापीठ चालू ठेवलं. कमी खर्चात पदवीधर मिळतात, हा त्यांचा हिशेब. दोघींचं एका वाक्यावर एकमत झालं नसतं, पण संस्था एवढी पक्की बांधलेली होती की विरोधकालाही ती मोडण्यापेक्षा चालवणं सोयीचं वाटलं. योजना असती तर नाव बदलून, नवा फोटो लावून मोकळे झाले असते. आपल्याकडे सरकार बदललं की पिशवीवरचा चेहरा बदलतो, बघता ना तुम्ही?

आता परत पत्रिकेवरच्या विषयाकडे. आपल्या विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २१ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. तेहेतीस टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ ला झाली, ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायची. तेव्हा त्या सभागृहात पंचविशी-तिशीच्या मुली येणार, हे नक्की. त्यांच्याकडे लोक नळजोडणी, बदली, दाखला घेऊन येतील, आणि ते करावंच लागतं. पण त्यातल्या एकीने जरी शालेय पोषण आहाराच्या ताटात काय पडतं, वसतिगृहातल्या संडासाला कडी आहे का, याच्या दर्जावर अधिवेशनामागून अधिवेशन तारांकित प्रश्न लावून धरला तर...

हो, हो, अध्यक्षमहाराज, बसते. माईकवाल्यांनाही घरी जायचंय. प्रश्न विचारा, दहा मिनिटं आहेत म्हणे. फक्त 'बाई राजकारणात गेली तर घरचं कोण बघायचं' हा प्रश्न पुरुष श्रोत्यांनी विचारू नये. तो आधी घरी विचारून या.