विनी यूइंग : पराभवानंतरचे राजकारण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते आमचे सर आम्हांला नागरिकशास्त्र शिकवीत. निवडणुकीचा निकाल लागला की जिंकलेल्याचे कौतुक ते इतरांवर सोपवीत आणि आम्हांला सांगत, ‘हरलेला आता काय करतो, ते पाहा. लोकशाही तेथे कळते.’ त्या वाक्याला धरूनच मी आजचा विषय निवडला आहे : स्कॉटलंडच्या नेत्या विनी यूइंग.

स्कॉटलंड हे मुळात स्वतंत्र राज्य. १७०७ साली त्याचे इंग्लंडशी एकीकरण झाले आणि एडिंबरोची संसद संपुष्टात आली. कायदा, चर्च व शिक्षणपद्धती मात्र स्कॉटलंडने वेगळीच राखली. भाषावार प्रांतरचनेच्या वादात वाढलेल्या आपल्या सीमाभागातील श्रोत्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. त्या देशातील राष्ट्रवादाचा मुख्य आधार भाषा नाही. गेलिक बोलणारे तेथे थोडेच आहेत. आधार आहे तो या वेगळ्या राखलेल्या संस्थांचा आणि गमावलेल्या संसदेच्या स्मृतीचा.

१० जुलै १९२९ रोजी ग्लासगोत जन्मलेल्या यूइंगबाई व्यवसायाने वकील. २ नोव्हेंबर १९६७ रोजी हॅमिल्टन मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा तो बालेकिल्ला. आदल्या वर्षीच त्या पक्षाला तेथे सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली होती. स्कॉटिश नॅशनल पार्टीने त्या वेळी उमेदवारही उभा केला नव्हता. अशा ठिकाणी तीन मुलांची आई असलेली ही वकील १,७९९ मतांनी निवडून आली. १९३४ साली स्थापन झालेल्या या पक्षाने त्यापूर्वी एकच जागा जिंकली होती, १९४५ सालची मदरवेलची. आणि तीही जेमतेम तीन महिने टिकली.

लंडनच्या सभागृहात आपल्या पक्षाच्या त्या एकट्याच होत्या. १९७० साली हॅमिल्टन त्यांच्या हातून गेले. हा पहिला पराभव. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी उत्तरेकडील मरे आणि नेअर्न येथून थेट स्कॉटलंड खात्याच्या विद्यमान मंत्र्यालाच पराभूत केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पक्षाचे ११ सभासद निवडून आले आणि स्कॉटलंडमधील तीस टक्के मते त्याला मिळाली.

यानंतर आले १९७९ साल. स्कॉटलंडला मर्यादित अधिकारांची विधानसभा द्यावी की नाही, यावर १ मार्चला सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के लोकांनी होकार दिला. परंतु एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी चाळीस टक्क्यांचा होकार हवा, अशी अट कायद्यात होती आणि होकार भरला ३२.९ टक्के. योजना बारगळली. संतापलेल्या राष्ट्रवाद्यांनी मजूर सरकारविरुद्ध मत दिले आणि २८ मार्चला ते सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने कोसळले. पुढच्या निवडणुकीत राष्ट्रवाद्यांच्या अकरा जागांपैकी दोनच उरल्या. मरे आणि नेअर्नही गेले. ज्या सरकारने अधुरी का होईना योजना पुढे आणली होती, ते पाडून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, ही टीका आजही होते आणि ती सहजी झटकून टाकता येण्याजोगी नाही.

आता सरांचा प्रश्न विचारू : हरलेल्या यूइंगबाईंनी काय केले? त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, जून १९७९ मध्ये, युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली. हायलँड्स आणि बेटे या विस्तीर्ण, विरळ वस्तीच्या मतदारसंघातून त्या निवडून आल्या आणि पुढे वीस वर्षे तेथेच राहिल्या. गंमत अशी की, १९७५ च्या सार्वमतात त्यांचा पक्ष युरोपीय समुदायाच्या विरोधात होता. मासेमारी, डोंगराळ शेती, दूरच्या बेटांच्या अडचणी हे विषय त्यांनी तेथे इतक्या सातत्याने मांडले की ‘मादाम एकॉस’, म्हणजे ‘स्कॉटलंडबाई’, हे नाव त्यांना चिकटले. १९८८ साली पक्षाने ‘युरोपात स्वतंत्र स्कॉटलंड’ हे धोरण स्वीकारले. अनुभवाने मत बदलण्याचा हा मोठेपणा पक्षाने दाखविला. संसदेच्या शिक्षण व संस्कृतीविषयक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९८७ साली सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ या विद्यार्थी-विनिमय योजनेच्या जडणघडणीत त्या समितीचा वाटा होता.

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के स्कॉटिश मतदारांनी स्वतःच्या संसदेला कौल दिला. १२ मे १९९९ रोजी ती एडिंबरोत प्रथम भरली, तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणून अध्यक्षस्थानी होत्या एकोणसत्तर वर्षांच्या यूइंगबाई. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटलंडची संसद पुन्हा भरत आहे, अशी घोषणा त्यांनी केली. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ही नवी संस्था होती, लंडनच्या कायद्याने निर्माण झालेली. पण दोनशे ब्याण्णव वर्षांचा खंड त्यांनी एका साध्या सभाशास्त्रीय शब्दात बसविला : तहकुबी. तहकूब झालेले काम संपलेले नसते.

२००३ साली त्या संसदेतून आणि २००५ साली पक्षाध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. त्यांचे अंतिम ध्येय मात्र साध्य झाले नाही. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला नकार दिला. सामाईक चलन, सामाईक बाजारपेठ, तीन शतकांचा सहवास हे त्या नकारामागचे युक्तिवाद दुबळे नव्हते. २१ जून २०२३ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, यूइंगबाईंचे निधन झाले.

त्यांचे ध्येय आपल्याला पटो वा न पटो, त्यांची रीत पारखून घेण्यासारखी आहे. प्रत्येक पराभवानंतर त्यांनी मतदारांना दोष दिला नाही. दुसरा मतदारसंघ, दुसरे सभागृह शोधले आणि पुन्हा मतेच मागितली. त्यांच्या चळवळीची मुख्य वाट मतपेटीची होती. तीन शतकांचा प्रश्न मतपत्रिकेवर मांडता येतो, त्याला नकार मिळाला तर तो पचविता येतो आणि तरीही मुद्दा सोडावा लागत नाही, हे त्या छोट्या देशाने दाखविले.

सर आज असते तर त्यांनी विचारले असते, ‘मग यात हरले कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मी विद्यार्थ्यांवर सोपवितो आणि आपली रजा घेतो.