किडनी बदलली, हाडे तीच

उरण-पनवेल परिसरातून आज मोऱ्यात जमलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मृत दात्याची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली. त्या काळी प्रश्न एकच होता: बसवलेली किडनी टिकेल का? पुढे सायक्लोस्पोरिन आले, टॅक्रोलिमस आले, १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आज प्रत्यारोपण झालेली माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करत जगतात. आपण मात्र त्यांना अजून तोच प्रश्न विचारतो. क्रिएटिनिन किती? ते ठीक असले की डॉक्टर निश्चिंत आणि घरचेही निश्चिंत. माझे म्हणणे असे की हाडांची देखभाल प्रत्यारोपणानंतर पहिल्या सहा महिन्यांतच सुरू झाली पाहिजे, आणि ती मुंबईवर सोडून न देता आपल्या दवाखान्यांत झाली पाहिजे.

घाई पहिल्या सहा महिन्यांचीच का, ते सांगतो. नवी किडनी ज्या शरीरात जाते, तिथली हाडे आधीच आजारी असतात. किडनी निकामी होत जाते तसे ड जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात तयार होईनासे होते, फॉस्फेट साचते आणि पॅराथायरॉइड ग्रंथी फुगून हाडांतले कॅल्शियम उपसू लागतात. नवी किडनी बसली म्हणून या ग्रंथी दुसऱ्या दिवशी शांत होत नाहीत. कित्येकांत त्या तशाच काम करत राहतात. मग रक्तातले कॅल्शियम चढते आणि फॉस्फेट लघवीवाटे निघून जाते. नेमक्या याच दिवसांत स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतात. हाड घडवणाऱ्या पेशी त्यांच्यामुळे मंदावतात, मरतात, आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण फार गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात कमरेच्या मणक्यांची घनता सहा महिन्यांत सरासरी ६.८ टक्के घटली होती आणि दीड वर्षाअखेर ८.८ टक्के. म्हणजे बहुतेक नुकसान पहिल्या सहा महिन्यांतच होऊन गेले होते. २००२ साली एक लाखाहून अधिक अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रतीक्षायादीत राहून डायलिसिस घेणाऱ्यांपेक्षा नुकतेच प्रत्यारोपण झालेल्यांना खुब्याचे हाड मोडण्याचा धोका ३४ टक्के जास्त निघाला. पुढे तो उतरत गेला, पण बरोबरीला यायला सुमारे ६३० दिवस लागले.

यावर कोणी म्हणेल, हे आकडे जुने झाले. स्टिरॉइडचे डोस आता कमी आहेत आणि अलीकडच्या अभ्यासांत झीजही कमी दिसते. हे खरे आहे, आणि मला ते मान्य आहे. पण ते अभ्यास ज्यांच्यावर झाले ते रुग्ण आणि आपले रुग्ण सारखे नाहीत. आपला रुग्ण किडनी पुरती गेल्यावर येतो, दात्याची आणि पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत डायलिसिसवर राहतो, त्याचे ड जीवनसत्त्व आधीच तळाला असते, आणि प्रत्यारोपणानंतर त्वचेच्या कर्करोगाच्या भीतीने त्याला ऊनही टाळायला सांगितले जाते. स्टिरॉइड लवकर बंद केलेल्यांत हाडे कमी मोडतात असे अमेरिकी नोंदींतून दिसले आहे. पण त्यात किडनी नाकारली जाण्याच्या घटना काहीशा वाढतात, म्हणून तो निर्णय किडनीतज्ज्ञाचाच. ‘स्टिरॉइड हाडे खाते’ हे आपल्या तोंडचे वाक्य ऐकून ज्याने गोळी परस्पर बंद केली, त्याची किडनीच धोक्यात येते. हे वाक्य अर्धवट बोलू नये.

दुसरा आक्षेप अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांचा असेल: डेक्सा तपासणी घनता सांगते, हाडाचा आजार कोणता ते सांगत नाही; मग ती करायची कशाला? केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ च्या सुधारित सूचनांत अशा रुग्णांसाठी, निकालाने उपचार बदलणार असतील तर, ही तपासणी सुचवली आहे. आक्षेपातली खरी गोष्ट औषध निवडताना उपयोगी पडते. घनता कमी दिसली की झोलेड्रॉनिक ॲसिडची बाटली लावायची, ही आपली सवय इथे धोक्याची आहे. हाडाची उलाढाल आधीच मंद असेल तर ती आणखी मंदावू शकते. किडनीचे काम फार कमी असेल तर हे औषध टाळावेच लागते. अशा औषधांनी घनता वाढते, पण हाडे मोडणे कमी होते याचा पुरावा या रुग्णांत अजून कच्चा आहे. डेनोसुमॅबच्या स्विस चाचणीत घनता वाढली, मात्र मूत्रमार्गाचे संसर्गही वाढले. म्हणून आधी कॅल्शियम, फॉस्फेट, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व पाहावे, औषध त्यानंतर. टाचेवर यंत्र लावून मोफत हाडे तपासणारी जी शिबिरे भरतात, त्यांच्या कागदावर या रुग्णाचे औषध ठरवू नये.

खर्चाचा मुद्दा राहिला. या रक्ततपासण्या इथल्या प्रयोगशाळांतून होऊ शकतात. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही खुला झाला. तरी एका तपासणीसाठी मुंबई गाठायची म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. भाऊच्या धक्क्याच्या लाँचचे हाल तर मोऱ्यात कोणाला सांगायला नकोत. ओहोटीला गाळाने वाहतूक अडते, आणि हलत्या लाँचमधून ओल्या पायरीवर उतरणे ठिसूळ खुब्याच्या माणसाला परवडणारे नाही.

आणि सगळ्यात स्वस्तात सुधारता येणारी चूक तर ताटातलीच आहे. डायलिसिसच्या काळात दूध, सुकी मासळी बंद करणारा पथ्याचा कागद दिलेला असतो, तो प्रत्यारोपणानंतरही वर्षानुवर्षे पाळला जातो. तेव्हा फॉस्फेट वाढलेले होते. आता ते बऱ्याचदा कमी असते. रक्ताचे आकडे पाहून दूध परत सुरू करता येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सुकटीतला मिठाचा प्रश्न मात्र उरतोच, रक्तदाबासाठीही आणि लघवीवाटे जाणाऱ्या कॅल्शियमसाठीही. जाता जाता एक सांगतो: आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त. पाळी गेलेल्या त्या आईच्या हाडांची चौकशी कोणीच करत नाही. तिलाही रुग्णाबरोबर आत बोलवा.

तुमच्या दवाखान्यात प्रत्यारोपण झालेला पुढचा रुग्ण येईल तेव्हा त्याच्या फाइलमध्ये क्रिएटिनिनच्या शेजारी कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, ड जीवनसत्त्व आणि स्टिरॉइडचा चालू डोस लिहा, त्याला उभे करून उंची मोजा, खुबा दुखतो का ते विचारा, आणि तो कागद त्याच्या किडनीतज्ज्ञाकडे पाठवा, अशी माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे.