ज्याची त्याची वाट

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की हैदराबादेतील नल्लकुंट्याच्या मराठी घरांत एक लहानसा वाद हमखास उपस्थित होतो. कुणी महाबळेश्वरच्या थंड हवेचे गोडवे गातो. कुणी वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहिल्यावाचून प्रवासच घडला नाही असे मानतो. आणि दरवर्षी नांदेडकडील आपल्या गावीच जाऊन परतणाऱ्या शेजाऱ्याची दोघेही कीव करतात. त्या गावी एक वृद्ध माता दिवस मोजीत बसलेली असते, हे त्यांस ठाऊक नसते.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले, ते द्रव्यार्जनासाठी. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले धन लुटले गेले. घरी मात्र त्यांनी गंगाजलाची कावड आणली व आईवडिलांस स्नान घातले. १९०७ साली त्यांचा ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाला आणि मराठीस एक अमोल ग्रंथ लाभला. हा प्रवास फसला, असे कोण म्हणेल?

प्रवासाचे मोल अंतरावर वा खर्चावर ठरत नाही. परतलेल्यास ‘काय पाहिलेत?’ असे जरूर विचारावे. ‘एवढेच का पाहिलेत?’ असे मात्र विचारू नये.