जंताची गोळी आणि उसाच्या फडातले लेकरू

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दर वर्षी १० फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो. २०१५ साली हा कार्यक्रम सुरू झाला. एक ते एकोणीस वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीत वा शाळेत अल्बेंडाझोलची गोळी द्यावयाची, दोन वर्षांखालील लेकराला अर्धी द्यावयाची, आणि ऑगस्टमध्ये दुसरी फेरी करावयाची, असा त्याचा क्रम आहे. परंतु भूम, वाशी, कळंब भागांतून आलेल्या कार्यकर्त्यांना मी विचारतो : फेब्रुवारीत आपल्या वस्तीवरचे तीन वर्षांचे लेकरू कोठे असते? दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन आईबाप टोळीबरोबर निघालेले असतात, आणि लेकरू सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात, पाचटाच्या कोपीत असते. ते जेथे असेल तेथील अंगणवाडीने त्याला गोळी द्यावी, हे नियमाला धरून आहे. पण त्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते, आणि पहाटे चारला फडात गेलेल्या आईला ती अंगणवाडी कोठे आहे हेही ठाऊक नसते. गोळीचा दिवस ठरविणाऱ्यांनी गळीत हंगामाचे पंचांग पाहिलेले दिसत नाही.

हा झाला व्यवस्थेचा दोष, आणि तो दूर करता येईल. मला आज बोलावयाचे आहे ते याहून खोलवरच्या गोष्टीविषयी. समजा, गोळी त्या लेकरापर्यंत पोहोचली. पुढे काय?

अल्बेंडाझोलची एक मात्रा गोलकृमीवर उत्तम चालते, अंकुशकृमीवरही बऱ्यापैकी. चाबकाच्या आकाराच्या कृमीवर मात्र ती दुबळी पडते. आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे जे एकपेशीय आदिजीव पाच वर्षांखालील बालकांच्या आतड्यांत ठाण मांडतात, त्यांच्यापैकी पहिल्यावर एका मात्रेचा भरवसा नाही, आणि दुसऱ्यावर ती मुळी चालतच नाही. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लक्ष अंडी घालते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. म्हणजे आतडे आज स्वच्छ केले तरी अंगण उद्या ते पुन्हा भरून काढते. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात ७२ ग्रामीण विकासखंडांतील सुमारे दहा लक्ष बालकांवर एक मोठी चाचणी झाली. दर सहा महिन्यांनी जंतांचे औषध दिले, आणि तरीही मृत्यूंत वा वजनात सांगण्याजोगा फरक पडला नाही. तेथे जंतांचा भार मुळातच हलका होता, असा आक्षेप यावर घेण्यात आला, आणि तो अगदीच निराधार नाही. गोळी घेऊ नका, असे मी म्हणत नाही. लेकराला गोळी अवश्य द्या. सरकारने मात्र गोळी वाटून हात झटकू नयेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आढळली, आणि ६९ टक्क्यांच्या आसपास मुलांत रक्तक्षय आढळला. याला एकटे जंत जबाबदार नाहीत. अपुरे अन्न हे पहिले कारण आहे. पण आठ देशांत झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने, ज्यात आपल्या देशातील वेल्लोरही होते, एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या आतड्यांत जिआर्डिया मुक्काम करून राहिला, त्यांची उंची दोन वर्षांच्या वयाला कमी भरली. आणि हे जुलाब होत नसतानाही घडले. लेकरू रडत नाही, दवाखान्यात जात नाही, नोंदवहीत चढत नाही. केवळ वाढत नाही.

आता या जीवांच्या जातिभेदाकडे वळू. 'जातिभेद' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण हा भेद मात्र मानणे आपल्या हिताचे आहे! सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसणारे जीव जनुकांच्या कसोटीवर वेगवेगळे निघतात. आमांशाचा अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी जुळा भाऊ यांची पुटी नुसती पाहून ओळखू येत नाही. हे दोन वेगळे जीव आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली स्पष्ट केले. तोवर किती लेकरांच्या पोटात विनाकारण कडू औषध गेले असेल! जिआर्डियाचेही अनेक गट आहेत. 'ए' आणि 'बी' माणसांत सापडतात, 'सी' आणि 'डी' कुत्र्यांत, तर 'ई' मुख्यतः गाई-शेळ्यांत. म्हणून लेकराच्या शौचातील जीवाचा गट ओळखला, की तो कोणाच्या अंगणातून आला याचा माग लागतो.

हा माग किती महत्त्वाचा आहे, ते अमेरिकेतील मिलवॉकी शहराने दाखविले. तेथे १९९३ साली नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे चार लक्ष लोक आजारी पडले. या जीवाला क्लोरीन मारू शकत नाही. संशय प्रथम गाईगुरांवर घेतला गेला. पुढे जनुकीय तपासणीत तो जीव माणसांत आढळणाऱ्या प्रकारचा निघाला. वेल्लोरच्या बालकांतही माणसाकडून माणसाकडे जाणारा प्रकारच अधिक सापडला. तेव्हा शेळी दारात बांधणाऱ्या गरिबाला 'तुमच्याच जनावरांमुळे लेकरे आजारी पडतात' असे सुनावण्यापूर्वी तपासणी करावी. शेळीकडूनही काही येत असेल; पण आधी सिद्ध करा.

येथे आपल्यालाही एक कडू घोट गिळावा लागेल. 'शुद्ध पाणी द्या, रोग जाईल' ही आपली आवडती घोषणा. वेल्लोरच्या एका वस्तीत बाटलीबंद पाणी पिणारी मुले आणि नळाचे पाणी पिणारी मुले यांची तुलना झाली. क्रिप्टोस्पोरिडियमच्या बाबतीत फरक आढळला नाही. कारण तो हातांवरून, भांड्यांवरून, जमिनीवरून, धाकट्याचे ढुंगण धुऊन त्याच हाताने थोरल्याला घास भरविण्यातून जातो. म्हणून शुद्ध पाण्याबरोबर मुबलक पाणीही मागितले पाहिजे. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे माप ठरविले. आपल्या बालाघाटच्या पठारावर टँकरची वाट पाहणारी बाई प्रथम कोणते पाणी वाचविते? हात धुण्याचे. तिला स्वच्छतेचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण दोन वर्षांचे लेकरू संडासात बसत नाही, त्याची शी अंगणात वा उकिरड्यावर जाते. आणि फडाशेजारच्या कोपीला तर संडासच नसतो.

शेळीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. आपली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे. शेळ्या-मेंढ्यांना एकाच वर्गातले जंतांचे औषध वर्षानुवर्षे पाजल्याने जगात अनेक ठिकाणी ते निरुपयोगी ठरले आहे. कृमीच्या एका जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि औषध त्याला धरतच नाही. अल्बेंडाझोल त्याच वर्गातले आहे. माणसाच्या कृमींतही असे बदल काही ठिकाणी दिसले आहेत. आज घाबरण्याचे कारण नाही; परंतु कोट्यवधी मुलांना वर्षातून दोनदा तेच औषध देताना ते अजून लागू पडते की नाही हे पाहण्याची यंत्रणा नको काय?

तेव्हा पक्षाने जिल्ह्यात धरावयाची मागणी माझ्या मते अशी आहे. प्रत्येक तालुक्यातील ठरावीक अंगणवाड्यांतून पाच वर्षांखालील बालकांची शौचतपासणी व्हावी, त्यातील काही नमुन्यांची जनुकीय तपासणी वैद्यकीय महाविद्यालयामार्फत व्हावी, आणि निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत. पैसा नाही, हे उत्तर आपण ऐकून घेऊ नये; नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव घातले ते काही शोभेसाठी नव्हे. आणि साखर कारखान्यांकडे : टोळी उतरण्यापूर्वी तळावर पाणी, संडास आणि लेकरांना ठेवण्यासाठी फरशीची एक खोली.

हे शेवटचे मुकादमाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. येत्या दसऱ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातून जाणाऱ्या कोयत्यांची यादी करावी. यादीत नवरा-बायकोच्या नावांखाली पाच वर्षांखालच्या लेकरांची नावे, वये आणि ते कोणत्या कारखान्यावर जाणार ते लिहावे. एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, एक त्या कारखान्याकडे, आणि एक आपल्याजवळ. फेब्रुवारीत आपल्यापैकी दोघांनी ती यादी घेऊन तळावर जावे आणि एकेका नावापुढे विचारून लिहावे : गोळी मिळाली काय, पाणी कोठून येते, आई हात कशाने धुते.